पांधणीवरचं एक चाक

गजभिये मावशींनी माझं पत्रक उन्हात धरून पाहिलं, तिथून आमची ओळख.

सावनेरच्या बाजारात आम्ही पत्रकं वाटत होतो. विषय पांधण रस्त्यांचा. शेतात जायच्या जुन्या गाडीवाटा म्हणजे पांधण. दोन्ही बाजूंना बाभळी, मधे बैलगाडीच्या चाकोऱ्या. गावाच्या नकाशात त्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. नकाशात राहतात आणि जमिनीवरून नाहीशा होतात. कोण गिळतं, कसं गिळतं, आणि ज्यांनी अडवायचं ते कुठे बघत असतात, हे आमच्या पत्रकात स्पष्ट लिहिलं होतं. लोक पत्रक घेतात, दोन ओळी वाचतात आणि त्यात भजी गुंडाळतात. याची मला सवय झाली आहे. पण त्या दिवशी एका बाईंनी ते पुढून वाचलं, मागून वाचलं, तळाशी छापखान्याचं नाव वाचलं, आणि मग दोन्ही हातांनी उन्हात ताणून धरलं. नोट खरी की खोटी बघतात तसं.

"हे छापाले पैसे कोनं देल्ले?"

"आम्ही वर्गणी काढतो, मावशी."

"आम्ही म्हनजे कोन?"

"कार्यकर्ते."

"हाव, पन कार्यकर्त्याइले कोन देते?"

मी तडकले. ज्यांच्यासाठी आम्ही उन्हातान्हात फिरतो त्यांनीच आमच्याकडे हिशेब मागावा? शेतांचे प्लॉट पाडून विकणाऱ्या लेआउटवाल्याचे फलक चौकाचौकात लागतात, तेव्हा कोणी विचारतं का, की बाबा, हे लावायला कुठून आणलेस? मी हे तोंडावर बोलले. बाईंनी शांतपणे ऐकलं. "त्याइलेही विचारतो मी," म्हणाल्या, आणि पत्रकाची घडी करून खिशात घातली.

खिसा खाकी शर्टाचा होता. पंजाबी ड्रेसवर पुरुषी खाकी शर्ट, सलवारीला पोटरीपाशी रबरबँड, डोक्याला ओढणी घट्ट आवळलेली. वय साठीच्या आसपास. आणि बाजाराच्या कडेला, साध्या काळ्या सायकलींच्या रांगेत, यांची नारिंगी माउंटन बाइक. जाडजूड टायर, टायरवर दाताळ्याच्या दातांसारखे रबरी खडे. बसण्याआधी त्यांनी दोन्ही टायर अंगठ्याने दाबून पाहिले, मग वाकून खालून पाहिले, मग आजूबाजूला उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं. सायकल नजरेआड होती तेवढ्यात कोणी काही केलं तर नाही ना, असं.

मला त्यांचा संशय आला. सरळ सांगते. असल्या सायकलवर असली बाई, इतके प्रश्न, आणि पत्रक खिशात. नक्कीच लेआउटवाल्याचं माणूस, असं मी सोबतच्यांना म्हणाले. आमच्या कामात असा विचार करावाच लागतो. चळवळीत आपुलकीने येणाऱ्यांपैकी निम्मे कोणीतरी पाठवलेले असतात.

चौकशी केली तर निघालं भलतंच. शकुंतला गजभिये, एसटीच्या लाल गाडीवरच्या निवृत्त कंडक्टर. नवरा खापरखेड्याच्या कॉलनीत राहून ठेकेदाराकडे काम करायचा, तो गेला. नोकरीच्या पैशातून मावशींनी सावनेर रस्त्यापासून आत एका गावाच्या शिवारात शेत घेतलं होतं. गावाचं नाव देत नाही, कारण तिथला मामला अजून मिटलेला नाही. आजूबाजूची सगळी शेतं लेआउटवाल्याने घेतली, खुंट्या रोवल्या, चुना टाकून प्लॉट पाडले. मावशींचं शेत त्या प्लॉटांच्या पार मागे उरलं. तिथे जायला एकच वाट, ती पांधण. आणि लेआउटवाल्याचं म्हणणं असं, की नकाशात रेघ असेल, पण जमिनीवर रस्ता उरलेला नाही, वहिवाट मोडली, कोणी जात नाही. हे म्हणणं मान्य झालं की मावशींचं शेत चारी बाजूंनी बंद. मग ते विकायचं, आणि तो म्हणेल त्या भावाला.

म्हणून मावशी रोज जायच्या. शेतात काम असो नसो, पेरणी असो नसो. चाकाची खूण दिसली पाहिजे. सकाळी आत, दुपारी बाहेर. ती नारिंगी सायकल बहिणीच्या मुलाने व्यायामासाठी घेतली होती आणि पुण्याला नोकरी लागल्यावर तो ती टाकून गेला. मावशींनी तिच्यात एकच गुण पाहिला. "याची चाकोरी जाड पडते. आंधळ्यालेबी दिसन."

तर लढा असा होता. एका बाजूला कंपनी, वकील, मॅनेजर, बाभळीच्या फांद्या तोडून पांधणीत आडव्या टाकणारे मजूर. दुसऱ्या बाजूला एक बाई आणि तिची दोन चाकं. आणि चाकांत हवा राहिली तर.

मावशींचं मूळ तत्त्व असं होतं की पंक्चर होत नाही, केलं जातं. कंडक्टरकीत सगळं आयुष्य गेलेलं. विनातिकीट माणूस चेहऱ्यावरून ओळखायचा, पासावरचा फोटो आणि समोरचं तोंड पडताळायचं, झोपेचं सोंग घेतलेल्याच्या खांद्यावर नेमकं बोट ठेवायचं. तो स्वभाव निवृत्त झाला नाही. कोणी काही ठामपणे म्हटलं की त्या हात पुढे करायच्या, "तिकीट दाखव." म्हणजे पुरावा दे. एकदा तलाठ्याने सांगितलं, "मावशी, वरून फोन आला होता." मावशींनी हात पुढे केला. तलाठी बिचारा खिशात चाचपायला लागला.

सुरुवातीला त्या पंक्चर काढायला सावनेर रस्त्यावरच्या शंकरकडे जायच्या. शंकर भला माणूस. पण मावशी समोर स्टूल घेऊन बसायच्या आणि त्याच्या हातावरची नजर हटवायच्या नाहीत. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली, बुडबुडे आले, शंकरने थिगळ लावलं. पुन्हा बुडवली, तर दुसरीकडून बुडबुडे.

"हे कुठून आलं?" मावशी.

"दुसरं भोक होतं ना मावशी."

"मघाशी नव्हतं."

"मघाशी पहिल्यातून हवा जाऊन राहिली होती, म्हनून दिसलं नाई."

"तुह्या अंगठ्याचं नख दाखव."

शंकरने हात वर केले. "पाहा बावा! मावशी, माह्यं एक सांगा, मी रस्त्यावर खिळेबी मीच टाकतो काय?"

"मले काय मालूम? टाकत असशीन."

आसपासचे हसले. शंकरही हसला, पण त्याला लागलं होतं. मावशी तिथे पुन्हा गेल्या नाहीत. मी नंतर शंकरशी बोलले. तो म्हणाला, "ताई, मावशीचा राग नाई मले. पन मी रोज याच रस्त्यावर बसतो, उद्या कोनी दुसरा मले तेच म्हनन." मावशींनी त्याच्यावर अन्याय केला होता, माझं आजही तेच मत आहे. मावशींपुढे बोलले तर म्हणाल्या, "मंग दुसरं भोक मी केलं काय?"

त्या दिवसापासून त्या पंक्चर स्वतः काढायला लागल्या. त्यांची पद्धत अशी होती की बघणाऱ्याला वाटावं, चोरीचा तपास चालला आहे. टायर चढवताना त्यावरची कंपनीची अक्षरं नेहमी व्हॉल्व्हच्या समोर आणायच्या, म्हणजे ट्यूबला जिथे भोक सापडेल तिथेच टायरमध्ये गुन्हेगार शोधता येतो. "ज्याची जागा त्यानं तिथंच बसाव." भोक सापडलं म्हणून लगेच थिगळ नाही. आधी टायरच्या आतून कापसाचा पुंजका फिरवायच्या, शेतातलाच, सरकीसकट. बोट फिरवलं तर काटा बोटात जातो, आणि बारीक काट्यापुढे बोट आंधळं असतं. कापूस फिरत जातो आणि एका जागी अडकतो. अडकला की मावशींच्या चेहऱ्यावर समाधान यायचं, फुकट्या पकडल्याचं. मग चिमट्याने काटा ओढायचा, तळहातावर ठेवायचा आणि त्याची उलटतपासणी.

"हा बाभळीचा. हा सरळ आला. हा सराटा, गोखरू, हा आपल्या पायानं येते, टायरले लटकून. अन् हा पाहा." म्हणजे तारेचा बारीक तुकडा. "हा कोनं आनला?"

तारेचा तुकडा हायवेवर फुटलेल्या ट्रकच्या टायरमधला असू शकतो, मी म्हणायचे. "असू शकते," मावशी म्हणायच्या, "पन हा पांधणीत काहून आला? ट्रक येऊन राहिले काय पांधणीत?" याला उत्तर होतं, की तो हायवेवरच टोचला आणि पांधणीत येऊन आत गेला. पण मला ते उत्तर द्यावंसं वाटायचं नाही. आम्ही ते तारेचे तुकडे पुढच्या पत्रकात घालायचं ठरवलं होतं. मावशींनी घालू दिलं नाही. "माहा संशय आहे. माह्या संशयावर तू छापू नको. तुह्याकडं तिकीट नाई."

माझा हा सल अजून गेलेला नाही. समोर एवढा उघड अन्याय आणि आम्ही पुराव्याच्या प्रती काढत बसायचं? ते मात्र रातोरात पांधण नांगरतात, त्यांना कोण पुरावा मागतं?

काट्याचा बंदोबस्त मावशींनी हळूहळू वाढवला. जुनी ट्यूब उभी चिरून टायरच्या आत अस्तरासारखी बसवली. बहिणीच्या मुलाने कुरिअरने जेल पाठवलं, व्हॉल्व्हमधून ट्यूबमध्ये भरायचं, बारीक भोक पडलं की आपोआप बुजतं. मावशींनी बाटली घरात बरेच दिवस तशीच ठेवली. दिसत नाही ते काम करतं हे त्यांना पटेना. शेवटी जुन्या ट्यूबमध्ये भरून, स्वतः काटा टोचून, पाण्यात बुडवून पाहिलं तेव्हा मान्य केलं. पांधणीत काटा लागल्याचं कळलं तरी तो तिथे उपटायचा नाही, हाही नियम. "काट्यानंच भोक धरून ठेवलं असते. घरी नेऊन काढाव." आणि हवा रोज तपासायची.

हवेवरून एकदा मोठा प्रसंग झाला. मागच्या ट्यूबला दोन भोकं पडली, शेजारी शेजारी, सारख्या अंतरावर. काटा नाही, तार नाही, कापूस कुठे अडकला नाही. मावशींनी सरळ लेआउटच्या चौकीदाराला गाठलं. दोन दातांचं हत्यार आहे म्हणाल्या, कुठे ठेवलंय दाखव. चौकीदार म्हातारा, त्याच्याकडे हत्यार म्हणजे एक टॉर्च. तो हात जोडायला लागला. मी मोबाइलवर शोधलं, तर निघालं की चाकात हवा कमी असली आणि चाक दगडावर आपटलं की ट्यूब रिमखाली दोन बाजूंनी चिमटते, आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. मावशींना वाचून दाखवलं. चित्र दाखवलं. त्यांनी चित्र नीट पाहिलं, ट्यूब शेजारी धरून पाहिली. बरोबर जुळत होतं. चौकीदाराने जोडलेले हात खाली घेतले.

"हं," मावशी म्हणाल्या, "मंग हवा कोनं काढली?"

दिवाळीनंतर पांधणीच्या तक्रारीवर महसूलच्या मंडळ अधिकाऱ्याची स्थळपाहणी लागली. अधिकारी स्वतः येऊन पाहणार, पांधणीत वापराच्या खुणा आहेत की नाहीत, आणि त्यावर अहवाल जाणार. सगळं याच्यावर होतं. पावसाळा संपून माती वाळलेली, सकाळच्या दवाने बसलेली, आणि तिच्यावर मावशींच्या टायरची खड्यांची रेघ, अगदी गावापासून शेतापर्यंत, एकावर एक पडत गेलेली. आम्ही निश्चिंत होतो.

पाहणीच्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तर पांधण सपाट. लालसर माती गुळगुळीत पसरलेली. कोणीतरी ट्रॅक्टरला ब्लेड लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढलं होतं. काटे गेले, फांद्या गेल्या, गवत गेलं आणि मावशींची चाकोरीही गेली.

अधिकारी तरुण होता. त्याने गॉगल काढला. "मावशी, हे तर कालच ब्लेड मारलेलं दिसते. वापर कुठं दिसते याच्यात?"

लेआउटचा मॅनेजर लगेच पुढे. "तेच म्हणतो ना साहेब. काल रस्ता बनवला आणि आज म्हणतात जुना आहे."

मावशींनी मॅनेजरकडे बघितलं नाही. सरपंचाकडे बघितलं. सरपंच इस्त्रीचे कपडे घालून, हातात शाल-श्रीफळ घेऊन उभे होते.

"सरपंच, ट्रॅक्टर कोनं धाडला?"

"मीच ना मावशी! साहेब येऊन राहिले म्हटलं. काट्यात साहेबाची गाडी बसली असती त गावाची इज्जत गेली असती."

"डिझेल कोनं टाकलं?"

"डिझेल काय, ट्रॅक्टरनंच पेलं," सरपंच हसले. आजूबाजूचेही हसले. मावशी हसल्या नाहीत. मीही नाही.

मी आजवर ठरवू शकले नाही. साहेब येणार म्हटलं की आमच्याकडे झाडलोट होते, चुन्याच्या रेघा पडतात, शाळेच्या भिंती रंगतात. मोडका हापसासुद्धा धुऊन पुसून ठेवतात. तो माणूस मोडका हापसा बघायलाच आलेला असतो, हे कोणाच्या डोक्यात येत नाही. सरपंच तसलेच भोळे असतील. किंवा ते भोळे नसतील आणि हे सगळं त्यांना ठाऊक असेल. त्यांच्या डोळ्यांत बघून मला काहीच कळलं नाही, आणि मला कळलं नाही याचाच मला संताप आला. अधिकाऱ्याने शाल घेतली नाही एवढं खरं. पुढची तारीख देऊन तो गेला. थोडेच दिवस मधे होते.

आम्ही शहरातल्या महाल भागात, आमच्या छापखान्याच्या माडीवर बैठक घेतली. सायकल मोर्चा काढायचा, शहरातून ढीगभर सायकली आणायच्या, पांधण दुमदुमवायची. पत्रकाचा मथळासुद्धा तयार झाला. मी तो घेऊन मावशींकडे गेले.

"काहून वं," त्या म्हणाल्या, "त्याइच्या कामाले लागली काय तू?"

"मावशी, एका दिवसात रस्ताभर चाकोऱ्या होतील."

"तेच त. एका दिवसाचा माल एका दिवसाचाच दिसते. तो मॅनेजर म्हनन, काल ट्रॅक्टर आनला, आज जत्रा आनली. रस्त्याले रोजचं मानूस पाह्यजे. एक. अन् तुह्या त्या ढीगभर सायकलीत त्याचा मानूस नसन कशावरून?"

मोर्चा रद्द झाला. माझे सोबती माझ्यावर चिडले, मी मावशींवर. तरी रोज सकाळी जायचे. मला पांधणीत पाय ठेवायची बंदी होती. "कडेनं चाल. तुह्या चपलीची खून नको." मी बाभळीखाली पाण्याचा डबा, पंप आणि सोल्युशनची ट्यूब घेऊन बसायचे, मावशी सकाळी आत जायच्या आणि दुपारी बाहेर यायच्या, नेहमीसारख्याच. जास्तीची एक फेरी मारू म्हटलं तर नाही. "रोज जेवढं तेवढंच."

ब्लेडने वरची माती खरवडली तसे आत दबलेले कित्येक पावसाळ्यांचे काटे वर आले होते. त्यात कडेला गोखरू वाळलेला, आणि लेआउटच्या मजुरांनी पुन्हा फांद्या आणून आडव्या टाकलेल्या. अस्तर होतं, जेल होतं, तरी चाक बसायचं. एकदा त्या अर्ध्यातून परतल्या त्या सायकल ढकलत. तळहातात काटे रुतलेले, गुडघ्याला माती. मी धावले.

"पाय बाजूले!" तिथूनच ओरडल्या.

सायकल उलटी केली. पान्याने टायर सोडवला, ट्यूब ओढली, फुगवली, गालापाशी नेऊन फिरवली. हवेची बारीक फुंकर गालाला कळते. भोक सापडलं तिथे घासपेपर मारला, सोल्युशन लावलं, आणि ते वाळेपर्यंत थांबल्या. ओलं असताना थिगळ लावलं तर निघून येतं. मला घाई झाली होती. मी म्हटलं, मावशी, उद्यावर आलंय सगळं, त्यांनी पुन्हा ट्रॅक्टर फिरवला तर?

"फिरवन ना. मंग मी पुन्हा जाईन."

"आणि साहेबच विकला गेला असेल तर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, यांना हा विचार नवा नसणारच. "असन," म्हणाल्या. "तेबी पाहू. आधी हे वाळू दे." मग थिगळ दाबलं आणि बराच वेळ अंगठा तसाच ठेवून बसल्या.

दुसऱ्या पाहणीला अधिकारी चालत आला. गाडी त्याने रस्त्यावरच ठेवली. तो मातीत उकिडवा बसला. चाकोरी होती, एकच, बारीक, थोडी वाकडीतिकडी. मावशींनी सायकल आणून पुढचं चाक तिच्यावर टेकवलं. खड्याच्या ठशात खडा बसला.

"रोज जाता, मावशी?"

"मले विचारू नका साहेब, मी सांगन हावच. तुमी पाहा."

तो पाहत पुढे गेला. ताज्या रेघेखाली कालची पुसट रेघ, तिच्याखाली आणखी पुसट. एका जागी जुन्या रेघेवरून तितर चालत गेलेला, त्याच्या पायांचे ठसे रेघेच्या वर उमटलेले, आणि त्यांच्यावरून पुन्हा ताजं चाक. अधिकारी तिथे जरा वेळ थांबला. मॅनेजर म्हणाला, "साहेब, सायकलचा काय रस्ता? गाडीरस्ता आहे का ते बघा ना."

"बैलगाडी तुह्या फांद्याइनं अडवली गा," मावशी म्हणाल्या. "फांद्या उचल, उद्या गाडी आनतो."

आदेश आला तो मावशींच्या बाजूचा. पांधण रस्ता चालू आहे, अडथळे काढावेत. मी कागद घेऊन नाचतच गेले. मावशींनी कागद घेतला, पुढून वाचला, मागून कोरा होता तोही पाहिला, आणि उन्हात धरला. "शिक्का त खरा दिसते." तेवढंच. पेढा दिला तो अर्धा खाल्ला, अर्धा मला परत दिला.

मग जे झालं ते आम्ही कोणीच कल्पिलं नव्हतं. लेआउटवाल्याने अपील केलं नाही. त्याने फांद्या उचलल्या, बाभळी तोडल्या, मुरूम टाकला आणि पांधणीवर डांबर टाकून दिलं. गाव खूश. सरपंच नारळ फोडून आले. शंकर म्हणाला, माह्या धंद्यावर पाय देल्ला, पन बरं झालं. मॅनेजर मावशींना म्हणाला, "आता तर काटा पण लागणार नाही, मावशी." मीसुद्धा, लाज वाटते पण लिहिते, एक क्षण म्हटलं की जिंकलो.

"काय जिंकलो वं?" मावशी डांबराकडे बघत होत्या. "याच्यावर चाक उमटत नाई."

मी हसण्यावारी नेलं. पांधण डांबरी झाली, आता तुमची गाडी सुखाने जाईल, शेताचा भाव वाढेल. "हाव," त्या म्हणाल्या, "भाव वाढते म्हनूनच त टाकलं त्यानं." आदेशाचा कागद त्यांच्या खिशात होता. त्यांना तो पुरेसा वाटत नव्हता.

त्यानंतर मी दुसऱ्या जिल्ह्याच्या कामाला गेले. मावशी फोनवर बोलत नाहीत. पलीकडे कोण बसलंय ते दिसत नाही म्हणतात. मधल्या काळात कळलं, लेआउटच्या तोंडाशी, त्याच डांबरी पांधणीवर, कमान झाली आहे. कमानीवर इंग्रजी नाव, खाली आडवा दांडा, शेजारी गार्डची खोली. रस्ता बंद नाही, कोणालाही अडवत नाहीत. फक्त दांडा आहे. आम्ही तक्रार दिली, तिला उत्तर आलेलं नाही. 'कोणालाही अडवत नाहीत' हेच उत्तर येईल, हे मी आत्ताच सांगून ठेवते.

या उन्हाळ्यात एका कामासाठी त्या बाजूला गेले तेव्हा कमान बघायला मुद्दाम आत वळले. सकाळ होती. गार्ड गावातलाच निघाला, नवा गणवेश, चेहरा भला. मी त्याला दोन-चार प्रश्न विचारत होते तेवढ्यात रस्त्यावरून नारिंगी सायकल आली. मावशी थोड्या वाळल्या होत्या. खाकी शर्ट तोच. गार्डने त्यांना लांबूनच पाहिलं आणि लगबगीने दोरी ओढून दांडा वर केला. मोठ्या मानाने, हात कपाळाला लावून.

"जा मावशी, तुमाले कोन अडवते!"

मावशींनी ब्रेक दाबला. पाय टेकवले. वर गेलेल्या दांड्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. मला त्यांनी पाहिलं असावं, पण मान हलवली नाही. मग हँडल वळवलं, डांबरावरून उतरल्या, आणि कमानीचा खांब आणि कुंपण यांच्यामधल्या मातीच्या पट्ट्यातून निघाल्या. तिथे कोणी साफ केलेलं नव्हतं. वाळलेला गोखरू पसरला होता.

"अवं मावशी!" गार्ड खरंच गोंधळला. "काट्यातून काहून जाऊन राहिल्या? उघडलं ना मी!"

"तेच त," मावशी न थांबता म्हणाल्या. "तू उघडलं."

डांबराच्या कडेकडेने, मातीत, खड्यांची रेघ उमटत गेली. जरा पुढे जाऊन त्या उतरल्या. मागचं चाक बसलं होतं. त्यांनी सायकल तिथेच उलटी केली, खिशातून पाना काढला आणि खाली बसल्या.

गार्ड हातात दोरी धरून उभा होता. दांडा वरच होता. तो खाली घ्यायचा की तसाच ठेवायचा, हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.